शून्याचा दाखला

प्राचार्य शिसोद्यांनी वृषालीला केबिनमध्ये बोलावून आधी खुर्ची दिली आणि मग चहा मागवला, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी गोड बोलून गळ्यात मारायचं आहे.

"तनुजाताईंचा सत्कार आपल्या कॉलेजात करायचं ठरलंय, मॅडम. संक्रांतीनंतरचा शनिवार. परिचय तुम्हीच करून द्यायचा."

"मी बोलले तर घरचं कौतुक वाटेल, सर."

"वाटू द्या की. अख्ख्या धुळ्याला कौतुक आहे. सख्ख्या बहिणीइतकं मनापासून दुसरं कोण बोलणार?"

वृषाली हो म्हणाली. नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, आणि तिच्याकडे होतं ते कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

वृषाली भदाणे या कॉलेजात वीसेक वर्षं गणित शिकवत होती. तनुजा तिच्याहून सहा वर्षांनी लहान. लहानपणी ओसरीवर चिंचोके मांडून तनुजाला आकड्यांच्या रांगा शिकवल्या त्या वृषालीनेच. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ. मागचे दोन मिळवले की पुढचा. लघुगुरूंच्या किती रचना होतात ते मोजताना आपल्याकडच्या जुन्या छंदशास्त्रकारांना हीच रांग सापडली होती, हेही तिनेच सांगितलं. गणितात अशा रांगेला क्रमिका म्हणतात, तिच्यातल्या प्रत्येक आकड्याला पद म्हणतात, आणि मागच्या पदांवरून पुढचं पद काढायच्या रीतीला आवर्ती नियम. तनुजा पाच वर्षांची असताना "ताई, मागचे तीन मिळवले तर?" असं विचारून बसली, तेव्हा वृषालीला प्रचंड आनंद झाला होता. तो आनंद पुढे कधी आणि कसा नासला, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दोघी मुंबईला संशोधनाला गेल्या. आधी वृषाली, मग तनुजा. वृषालीच्या हाती तीन वर्षांत काही लागलं नाही. घरून कुणी परत बोलावलं नव्हतं, पैशांची अडचण नव्हती, मार्गदर्शकही भला माणूस होता. नुसतंच जमलं नाही. ती धुळ्याला आली, नोकरीला लागली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही आणि वडील गेल्यावर आईला घेऊन राहिली. तनुजा बेंगळुरूच्या एका संस्थेत गेली आणि तिथे तिने शून्याचा प्रश्न सोडवला.

प्रश्न ऐकायला अगदी सोपा होता. एखादी क्रमिका दिली, तिचा नियम दिला, तर तिच्यात कधीतरी शून्य येईल का? एकामागून एक पदं काढत बसलं आणि शून्य सापडलं, तर उत्तर मिळालं. पण नाही सापडलं तर थांबायचं कुठे? पुढच्याच पदाला ते दबा धरून बसलेलं असेल तर? शंभर वर्षं मोठमोठे गणिती या प्रश्नापुढे हात टेकत आले होते.

आणि प्रश्न कागदापुरता उरला नव्हता. लिफ्ट, कालव्याचे दरवाजे, दवाखान्यातली श्वासाची यंत्रं, सगळी आता आपापली चालत. ती दर क्षणी मागच्या काही आकड्यांवरून पुढचा आकडा काढत, म्हणजे क्रमिकाच चालवत. हिशोबात नको त्या जागी शून्य आलं की यंत्र अडे. ते कधीच येणार नाही याची हमी कुणालाही देता येत नव्हती.

तनुजाने ती दिली. तिच्या मदतीला साक्षी होती. साक्षी म्हणजे सिद्धता शोधणारं आणि तपासणारं यंत्र. दोघींनी मिळून सीमा-प्रमेय मांडलं. कुठलीही क्रमिका घ्या, तिच्या नियमावरून एक संख्या काढता येते, तीच तिची सीमा. तिथपर्यंत शून्य आलं नाही, तर ते कधीच येणार नाही. वर्षभरात सरकारने कायदा केला की माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक स्वयंचलित यंत्राला शून्य-दाखला हवा. दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, "भदाणे सीमा-प्रमेयानुसार."

भदाणे. आडनाव वृषालीचंही तेच होतं. वर्गात मुलं विचारत, "मॅडम, त्या भदाणे तुमच्या कोण?"

आईच्या पोटावर इन्सुलिनचा पंप होता, त्यालाही तोच दाखला होता. रक्तातल्या साखरेच्या मागच्या चार नोंदी बघून तो पुढची मात्रा स्वतः ठरवी. दर तिसऱ्या दिवशी त्याची सुई बदलायची, औषध भरायचं, जागा पुसून पट्टी लावायची, हे सगळं वृषाली करी. आणि शेजारची कुणी बसायला आली की आई पंपावरून हात फिरवत म्हणे, "हा माझ्या तनूच्या हिशोबावर चालतो."

वृषाली आतल्या खोलीत कापसाचे बोळे डब्यात भरत हे ऐके. आईचा त्यात काही दोष नाही हे तिला कळे. त्याने फरक मात्र पडत नसे.

तनुजाची चूक तिला सत्कार ठरल्यानंतर आलेल्या दिवाळीच्या सुट्टीत सापडली. खरं सांगायचं तर ती चूक शोधायलाच बसली होती. सीमा-प्रमेय तिने इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटून त्याची पानं दिसत. वाचताना दर वेळी एकच इच्छा असे, कुठेतरी तडा दिसावा. सगळ्यांनी क्रमिका पुढे चालवून बघितल्या होत्या. वृषालीने उलटं केलं. तिने शून्य आधी ठेवलं, सीमेच्या कितीतरी पलीकडे, आणि तिथून पाऊल पाऊल मागे यायला लागली. आवर्ती नियम उलटाही चालवता येतो, पण बहुतेक वेळा मागे येताना अपूर्णांक निघतात आणि सगळं विस्कटतं. विस्कटणार नाही अशा क्रमिकांचं एक लहानसं कुटुंब तिला माहीत होतं. मुंबईतल्या त्या वाया गेलेल्या तीन वर्षांत तिने त्यांच्यावरच काम केलं होतं. पदं एक एक करून मोजायची गरज नव्हती, दुपटीच्या उड्या मारत लाखो कोटी पदं ओलांडता येत होती. भाऊबीजेच्या दुपारी ती सुरुवातीला येऊन पोचली. पहिली पाच पदं साधी, दोन-तीन अंकी, पूर्ण संख्या होती.

म्हणजे अशी एक क्रमिका होती की जी सीमेपर्यंत शून्याला शिवत नव्हती आणि त्याच्या फार पुढे जाऊन शून्य होत होती. प्रमेय खोटं होतं.

वृषाली पंखा बंद करून बसून राहिली. मग तिने स्वतःलाच विचारलं, याने कुणाचा जीव वाचणार आहे का? उत्तर लगेच मिळालं. नाही. ते शून्य ज्या पदावर होतं त्याचा क्रमांक चोवीस अंकी होता. एखादा पंप या क्रमिकेने चालला असता, तरी तिथे पोचेपर्यंत सूर्य विझून गेला असता. आणि मुळात असल्या क्रमिकेवर कुठलंच यंत्र चालत नव्हतं. या शोधाची कुणालाही गरज नव्हती. गरज होती ती फक्त तिला.

तरीही तिने त्याच संध्याकाळी तनुजाला फोन लावला. सांगून टाकावं, असं तिच्या मनात खरोखरच होतं.

"ताई, बरं झालं केलास," तनुजा म्हणाली. "मी निघालेच होते एका बैठकीला. आई कशी आहे?"

"बरी आहे. तनू, मी जरा तुझं प्रमेय बघत होते."

"अजून बघतेस? छान. अगं, तू आपल्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी त्याचं सोपं मराठी टिपण का करत नाहीस? तू शिकवतेस फार सुरेख. मला नाही जमत तसं."

तनुजाचं म्हणणं मनापासून होतं. वृषालीच्या मनाला नेमकं तेच लागलं.

"बघते," ती म्हणाली, आणि पुढे पंपाचं औषध संपत आल्याचं बोलून तिने फोन ठेवला.

साक्षीकडे चूक कळवायची रीतसर सोय होती. आधी गुप्तपणे सांगायचं. मग महिनाभरात जाणकार लोक एकेक यंत्र दुसऱ्या सुरक्षित पद्धतीवर नेत, आणि त्यानंतरच चूक जाहीर होई. वृषालीला हे ठाऊक होतं. तिने कळवलं नाही. कागद कपाटात ठेवले आणि संक्रांतीची वाट बघितली.

सत्काराच्या सकाळी आईने दोघींना दारात ओवाळलं. गुडघ्यांमुळे तिला सभागृहाच्या पायऱ्या जमणार नव्हत्या, ती घरीच फोनवर कार्यक्रम बघणार होती. "डाळीचे फुनके आणि कढी करून ठेवते," ती म्हणाली. "तनू, तिकडे फराळाने पोट भरू नकोस. तिघी मिळून जेवू."

सभागृह भरलं होतं. वृषालीने परिचय चांगला करून दिला, चिंचोक्यांची गोष्टसुद्धा सांगितली. लोक हसले, तनुजाने डोळे पुसले. मग तनुजा बोलली, तासभर, हातात कागद न घेता. शेवटच्या रांगेतल्या शिपायालाही कळावं इतकं सोपं. शिकवायला आपल्याला जमत नाही, असं म्हणणारी तनुजा. वृषाली व्यासपीठावर हसऱ्या चेहऱ्याने बसली होती.

शिसोदे सर म्हणाले, "कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर."

"माझा आहे," वृषाली म्हणाली, पर्समधले घडी घातलेले कागद काढले आणि उठून फळ्याकडे गेली.

लोकांना वाटलं, बहिणींची काहीतरी गंमत असेल. तिने पहिली पाच पदं लिहिली, खाली नियम लिहिला. मोठ्या पडद्यावर साक्षी जोडलेलीच होती, फळ्यावरचं अक्षर न् अक्षर तिला दिसत होतं.

"या क्रमिकेची सीमा साक्षीने सांगावी," वृषाली म्हणाली. साक्षीने संख्या सांगितली. "तिथपर्यंत शून्य येतं का?"

"येत नाही," साक्षीचा शांत बायकी आवाज आला.

"आता मी सांगते त्या पदावरून उलट या." तिने तो चोवीस अंकी क्रमांक लिहिला आणि मागे येण्याच्या पायऱ्या लिहायला घेतल्या. खडू दोनदा मोडला. सभागृहातली कुजबुज हळूहळू थांबली.

"तपासते आहे," साक्षी म्हणाली. थोड्या वेळाने तोच शांत आवाज आला, "प्रतिउदाहरण ग्राह्य आहे. सीमा-प्रमेय या स्वरूपात असत्य आहे."

वृषालीने आता तनुजाकडे बघितलं. या एका क्षणासाठी ती दिवाळीपासून थांबली होती.

तनुजा खुर्चीतून उठली होती. ती फळ्याजवळ आली, वृषालीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि ओठ हलवत पायऱ्या वाचायला लागली. मधेच तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"उलटी चाललीस?"

"हो."

"शून्यापासून मागे." तनुजाचा चेहरा पाच वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. "ताई, किती सुंदर आहे हे. हे कुटुंब कुठे सापडलं तुला? क्रमिका म्हणजे आतून लाटांची बेरीजच. इथे पाचही लाटा सारख्या उंचीच्या आहेत, म्हणून एकमेकींना तोलून धरतात. आम्ही धरून चाललो होतो की शेवटी एक लाट जिंकतेच." ती लोकांकडे वळली. "तुम्ही आज जे बघितलंत ना, ते माझ्या व्याख्यानापेक्षा फार मोठं आहे."

आणि तिने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या सभागृहाने वाजवल्या.

वृषाली हातातल्या खडूकडे बघत राहिली. तनुजाचं काम कोसळलं होतं आणि ती आनंदली होती. तिला स्वतःच्या नावापेक्षा हे गणित जास्त आवडत होतं. आपल्याला तसं ते कधी आवडलं होतं का, हे वृषालीला आठवेना. तिला बहिणीचा इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात सभागृहातले फोन वाजायला लागले.

देशभरातला प्रत्येक दाखला कुठल्या सिद्धतेवर उभा आहे, ते साक्षीला ठाऊक होतं. प्रमेय पडलं की त्यावरचे सगळे दाखले तिने रद्द करायचे, असा कायदाच होता. कॉलेजची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, आत एक प्राध्यापक अडकले. कुठे कालव्यांचे दरवाजे होते तसेच राहिले, दवाखान्यांतून परिचारिका यंत्रं हाताने चालवायला धावल्या. हिशोबात शून्य येण्याचा कसलाच धोका नव्हता, पण धोका नसल्याचा दाखलाही आता नव्हता. शिसोदे सर लिफ्टकडे पळाले. वार्ताहरांनी बहिणींना गाठलं. त्या गर्दीत दीडेक तास गेला. वृषालीच्या पर्समध्ये तिचा फोन कार्यक्रमासाठी गप्प करून ठेवलेला होता. त्यावर पंपाच्या सूचना एकामागून एक येत होत्या.

पंप बंद पडला नव्हता. दाखला गेल्यावर तो स्वतःचा हिशोब सोडून डॉक्टरांनी सुरुवातीला घालून दिलेल्या ठरावीक मात्रेवर गेला होता. तेव्हा आई अंगाने भरलेली होती, दोन्ही वेळा दोन-दोन भाकरी खात होती. आता ती अर्धी खाई. आणि त्या दिवशी तर ती मुलींसाठी जेवायची थांबली होती. जुनी मात्रा तिला जास्त होत होती आणि रक्तातली साखर उतरत चालली होती.

रिक्षातून घरी येताना वृषालीने फोन काढला. पडद्यावर पंपाच्या सूचनांची रांग लागली होती. तनुजाने तिच्या हातातून फोन घेऊन बघितला.

आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. अंग घामाने भिजलेलं, डोळे उघडे पण नजर कशावरच नाही. शेजारी कढीचं पातेलं झाकून ठेवलेलं.

"आई," वृषाली तिच्याजवळ बसली. "आई, मी आहे."

आईने तिच्याकडे बघितलं. घरात ती प्रमाण मराठी बोले, पण आता जीभ माहेरच्या अहिराणीवर गेली होती. "तनू," ती वृषालीलाच म्हणाली, "तू कव्हय उनी?"

"आत्ताच आले," वृषाली म्हणाली. तिने एका हाताने पंप काढला, दुसऱ्याने बोटावर साखर घेऊन आईच्या गालाच्या आत चोळायला लागली. तनुजा दारात उभी राहून रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती. तिचा आवाज एकदाच कापला, घराचा नंबर सांगताना.

दवाखान्यात सलाइन लागलं. संध्याकाळपर्यंत आई शुद्धीवर आली, कढी फ्रीजमध्ये ठेवली का म्हणून विचारलं आणि झोपली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर टीव्ही चालू होता, त्यात वृषालीचा फळा दाखवत होते.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"ही सिद्धता आज सकाळची नाही. कागद जुने होते, घड्यांवर फाटलेले. कधीची आहे?"

"दिवाळीची."

तनुजाने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मी फोन केला होता तुला सांगायला," वृषाली म्हणाली. "तू म्हणालीस, सोपं टिपण कर."

"मी तसं म्हटलं?"

"तुझी चूक नाही त्यात. मला निमित्त हवं होतं." मग ती ठरवून पुढचं बोलली. "मला तुला हरताना बघायचं होतं, तनू. सगळ्यांसमोर. आईसमोर. यंत्रांचं काय होईल ते मला माहीत होतं. आईच्या पोटावर तसलंच यंत्र आहे, ते मीच भरते, आणि हे माझ्या एकदाही मनात आलं नाही."

तनुजाने टीव्हीवरच्या फळ्याकडे बघितलं. "मग? बघितलंस का हरताना?"

"नाही. तू हरलेली दिसलीच नाहीस."

तनुजा उठली, आईच्या खोलीत डोकावून परत आली. "आई झोपलीय," ती म्हणाली. "मी महिनाभर इथे राहते. पंप, लिफ्ट, कालवे यांतली एकही क्रमिका त्या कुटुंबातली नाही. ते कुटुंब बाजूला काढलं की उरलेल्यांसाठी प्रमेय टिकतं. पण कुटुंब पुरतं ओळखायला तू लागशील. साक्षीला ते नाही जमायचं, मलाही नाही."

"हे सगळं ऐकूनसुद्धा?"

"चिडलेय मी. फार चिडलेय. पण काम तर तुझ्यावाचून होणार नाही."

दुसऱ्या आठवड्यात आई घरी आली आणि बाहेरच्या खोलीत तिघींचं काम सुरू झालं. तिसरी साक्षी, टेबलावरच्या पडद्यात. आईला इन्सुलिनची इंजेक्शनं आता वृषाली हातानेच देई. कामात वृषालीचा हेवा कुठे गेला नव्हता. तनुजा एखादी पायरी अशी उडी मारून ओलांडे की वृषालीच्या काळजात सुई टोचे. पण दोन वेळा वृषालीने उडी मारली, आणि तेव्हा तनुजा पेन खाली ठेवून "थांब, परत सांग" म्हणाली. मुंबईची तीन वर्षं वाया गेली नव्हती, हे वृषालीला त्या खोलीत प्रथम कळलं. महिना संपायच्या आत दुरुस्त प्रमेय तयार झालं. साक्षीने ते ग्राह्य ठरवलं, दाखले पुन्हा चालू झाले. फक्त त्यावर नावं घालायची बाकी होती. तनुजाच्या मनात दोघींची नावं होती, आणि मोठीचं आधी.

पण तोवर पुण्याहून चौकशी समितीचं बोलावणं आलं. दाखले अचानक रद्द झाल्यामुळे ठिकठिकाणी लोक जखमी झाले होते, नाशिककडे एक म्हातारे गृहस्थ तर अजून उठून बसले नव्हते. समितीला एकच गोष्ट हवी होती, प्रतिउदाहरण केव्हा सापडलं. कार्यक्रमाच्या ऐन वेळी सुचलं असेल तर तो अपघात. आधीपासून ठाऊक असून गुप्तपणे कळवलं नसेल तर वृषालीला साक्षीचा वापर आणि तिच्यामार्फतचं सगळं संशोधन दहा वर्षं बंद.

पुण्याला जाताना बसमध्ये तनुजा हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशीच सुचलं असं सांग. भाषण ऐकता ऐकता. कुणाला खोटं वाटणार नाही. मी कागदांचं बोलणार नाही."

"तू खोटं बोलशील?"

"न विचारलेलं सांगणार नाही, इतकंच. ताई, दहा वर्षं म्हणजे तू साठीला येशील. आत्ता कुठे आपण..." तिने वाक्य सोडून दिलं. "पुढचा प्रश्न मी काढून ठेवलाय. त्या कुटुंबाला उलटं चालवताना मधेच जी पदं परत परत येतात, त्यांचा. तो तुझ्याशिवाय होणारच नाही."

वृषाली खिडकीबाहेर बघत राहिली. तनुजाच्या कृपेने मिळालेलं नाव, तेही खोट्यावर उभं. आपण सगळ्या जगाला दाखवलं की खालची वीट खोटी असली की काय होतं, आणि आता तीच वीट घालायची. पण एवढंच नव्हतं, हेही तिला कळत होतं. बहिणीची आणखी एक मेहेरबानी आपल्याला सोसणार नाही, हाही त्यातला भाग होता. किती प्रामाणिकपणा आणि किती हेवा, हे तिला वेगळं करता येईना.

समितीतले तिघे सौजन्याने बोलले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "प्रतिउदाहरण आपल्याला केव्हा मिळालं, प्राध्यापक भदाणे?"

"भाऊबीजेच्या दुपारी," वृषाली म्हणाली.

"संक्रांतीपर्यंत कळवलं नाहीत. का?"

"मला माझ्या बहिणीचा हेवा वाटत होता."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

ती बाहेर आली तेव्हा तनुजा लांब व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. मांडीवर पुढच्या प्रश्नाचे कागद, मधे कुठेतरी पेन्सिल अडकवलेली. वृषालीचा चेहरा बघून ती उभी राहिली.

"सांगितलंस?"

"हो."

"दिवाळीचं?"

"दिवाळीचं."

तनुजा परत खाली बसली. तिचे खांदे उतरले होते. तिने कागद गोळा करायला घेतले, पण ते नीट एकावर एक बसेनात. काही खाली घसरले आणि तिने ते उचलले नाहीत. प्रमेय कोसळलं तेव्हा टाळ्या वाजवणारी तनुजा आता दोन्ही हात मांडीवर टाकून फरशीकडे बघत होती. तिचं तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं रडण्याआधी होतं तसं.

"दहा वर्षं, ताई," ती म्हणाली. "मी एकटीने काय करू?"

वृषालीला जे बघायचं होतं ते तिच्या समोर, हाताच्या अंतरावर होतं. तिला ते बघवेना. तिने वाकून फरशीवरचे कागद गोळा केले, झटकले आणि तनुजाच्या शेजारी बसून पहिल्या पानापासून क्रमाने लावायला लागली.